हरभरा काय म्हणतो ते बघा



पडद्यामागे पावरी नाचाची मंडळी केव्हाची तयार होऊन ताटकळली आहेत, ते मला इथून दिसतंय. म्हणून फार वेळ घेत नाही.

आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके तुम्हाला 'राजा हरिश्चंद्र'मुळे माहीत असतात. पण 1913च्या त्या चित्रपटाआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. कोंब फुटून वेल होईपर्यंतची वाढ पडद्यावर बघता बघता उलगडली. भांडवल उभं करायलाही तीच फिल्म कामी आली. नवं यंत्र हाती आल्यावर या माणसाने आधी बी उगवताना दाखवलं, याचं मला भारी कौतुक वाटतं.

आजचं नवं यंत्र म्हणजे एआय. त्याचं काय करायचं? याचा विचार करताना मला एक जुनं काम आठवतं.

मुंबईत 1974 साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याकडच्या शाळांत गेले, पुढे मुंबईत महापालिकेच्या शाळांतल्या मुलांबरोबर राबले. त्यांच्या लक्षात आलं, की पोरं बऱ्याचदा अडतात ती पुस्तकाच्या भाषेपाशी. भाषा सोपी केली, की तीच पोरं विज्ञानात पुढे सरकतात.

पेठ-सुरगाण्याहून इथल्या वसतिगृहात आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. घरी कोकणी बोलायचं आणि पुस्तकात एकदम 'बाष्पोत्सर्जन'! सरांना एकदा विचारता येतं, दुसऱ्यांदा मागच्या बाकावरून कुणीतरी हसतं. फोनमधल्या एआयला मात्र दहा वेळा विचारा. 'नागलीच्या रोपावरून सांग' म्हणा, 'अजून सोपं कर' म्हणा, तो कंटाळत नाही. भारतीय भाषांसाठी सरकारने 2022 साली 'भाषिणी' ही यंत्रणा आणली, बोलून विचारायची सोय होते आहे. पण तुमच्या आजीच्या बोलीत विचारलंत, तर यंत्र अजून गडबडतं. आणि ज्या पाड्यावर रेंजच नाही, तिथे हे सगळं फुकट. शाळेतल्या एका फोनभोवती पाच-सहा जणांनी बसावं, हे मला जास्त जमणारं वाटतं. भांडणं होतील, होऊ द्या.

आता माझी फजिती. परवा मी एआयला विचारलं, हरभऱ्याची बीजपत्रं, म्हणजे दाण्याची दोन दलं, जमिनीच्या वर येतात का? शुद्ध मराठीत, ठामपणे उत्तर आलं: येतात. मला, इतकी वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला, क्षणभर ते खरंच वाटलं! मग खिडकीत दोन डबे ठेवले, एकात मूग, एकात हरभरा. मुगाने आपली दोन दलं डोक्यावर घेऊन मान वर काढली. हरभऱ्याचा नुसता कोंब वर आला, दलं मातीतच राहिली.

तर येताना मी मूग आणि हरभऱ्याच्या पुड्या आणल्या आहेत, प्रत्येक वर्गाला एकेक. तूर, उडीद, वाल घरून आणा. आधी फोनला विचारा, उत्तर तारखेसह वहीत लिहा, मग पेरा आणि रोज चित्र काढा. वही सरांना दाखवायच्या आधी एकमेकांना दाखवा.

मूग चारेक दिवसांत वर येईल, हरभऱ्याला जरा जास्त वेळ लागेल. पावरीवाल्यांनो, या आता.