आमची न्हाणी

आज मी लोणच्याचं नाही, भिशीचं नाही, न्हाणीचं बोलणार आहे. हसू नका. घरातली सगळ्यात लहान खोली, पण माणूस पडतं ते तिथंच.

आमचं घर सासऱ्यांनी १९७८ साली बांधलं. न्हाणी सहा फूट बाय पाच फूट. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात तांब्याचा बंब, भिंती धुरानं काळ्या, आणि पाणी जायला भिंतीत एक बीळ. हो, बीळच. त्यातून झुरळं यायची, एकदा घूसही आली. माझं लग्न होऊन बावीस वर्षं झाली, त्यातली निम्मी तरी ती फरशी घासण्यात गेली असतील. घासून घासून ती आरशासारखी गुळगुळीत झाली होती, आणि त्यावर पावसाळ्यात शेवाळ.

गेल्या वर्षी श्रावणात आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आत घसरून पडल्या. दार आत उघडणारं, आतून कडी. त्या नेमक्या दारालाच आडव्या पडलेल्या. कडी कशीबशी त्यांनी काढली, पण दार ढकललं की त्यांनाच लागायचं. शेवटी शेजारच्या मुलानं खिडकीची जाळी काढली आणि तो आत उतरला. तोवर पाऊण तास गेला होता. तो पाऊण तास मी दाराबाहेर बसून त्यांच्याशी बोलत होते. काय बोलले ते आता आठवत नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं.

त्या घरी आल्या तेव्हा पहिला प्रश्न हाच, आंघोळ कुठं घालायची? एका ठेकेदाराला बोलावलं. त्यानं दारातूनच बघितलं आणि साठ हजार सांगितले. उतार कुठं द्यायचा, पाणी कुठं थांबतं, काही विचारलं नाही. रंग कुठला हवा एवढं मात्र विचारलं. ऑपरेशनला आधीच उसने घेतलेले. आमचे हे म्हणाले, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. मला ते पटेना. आमच्या गल्लीत एक म्हातारे गवंडी आहेत, आता काम करत नाहीत. त्यांच्याकडे गेले. म्हटलं, मामा, तुम्ही खुर्चीत बसून सांगा, मी करते. ते आधी हसले, मग म्हणाले, सकाळी आठला चहा पाजणार असशील तर येतो.

पहिलं काम त्यांनी काय सांगितलं असेल? काही फोडू नको. आधी पाणी ओत. तीन दिवस मी बादलीनं पाणी ओतलं आणि जिथं डबकं राहतं तिथं कोळशानं रेघ मारली. मैत्रिणींनो, हे आपल्याला कुणी विचारत नाही, पण जी मोरी घासते तिला ठाऊक असतं पाणी कुठं अडतं ते.

त्याच वेळी आणखी एक दिसलं. बंबाशेजारच्या काळ्या भिंतीवर एक पंजाएवढा तुळतुळीत डाग होता. तेलकट, बाकी भिंतीपेक्षा वेगळा. आईंनी चाळीस-पंचेचाळीस वर्षं उठताना जिथं हात टेकला, ती जागा. मी टेप लावून मोजलं. जमिनीपासून एकतीस इंच. वहीत लिहून ठेवलं आणि मगच भिंतीला छिन्नी लावली.

फोडायचं काम मी आणि अकरावीतली लेक, दोघींनी दिवाळीच्या सुट्टीत केलं. शहाबादी पहारीनं अख्खी निघाली, ती परसात भांडी घासायला लावली. प्लास्टर उतरवल्यावर विटांचे फोटो काढून ठेवले. ते का, ते पुढे सांगते. एक चूक सांगून टाकते. पहिल्या दिवशी मी हातमोजे न घालता सिमेंट कालवलं. रात्री बोटांच्या पेरांना भोकं पडल्यासारखी आग. सिमेंट कातडी जाळतं. रबरी मोजे आधी आणा, टाइल मागून.

बिळाच्या जागी ट्रॅप बसवला. प्लंबर लोक त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, आपल्या न्हाणीचंच नाव, पार दिल्लीच्या दुकानातही चालतं. त्याच्या वाटीत दोन इंच पाणी कायम उभं असतं आणि तेच झाकणाचं काम करतं. वास अडतो, झुरळं अडतात. घर महिनाभर बंद ठेवलं की ते पाणी आटतं आणि वास सुटतो. अशा वेळी आल्यावर तांब्याभर पाणी ओता, झालं. काम चालू असताना मात्र त्याच्या तोंडात चिंध्या कोंबून ठेवा, नाहीतर राबिट आत जाऊन घट्ट बसतं.

मग कोबा, आणि कोब्यातच उतार. मामांचं माप सुताचं. इंचाचे आठ सूत. म्हणाले, फुटाला दोन सूत उतार दे, म्हाताऱ्या माणसाला जास्त उतारही नको, पाय सरतो. लेव्हल बघायला त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन भिंतींना धरायला लावली. पाणी दोन्हीकडं एकाच उंचीला थांबतं, तिथं खूण करायची. लेक म्हणाली, हे तर आम्ही शाळेत शिकलो. शिकली होती, पण उपयोग त्या दिवशी कळला.

कोबा सात दिवस ओल्या पोत्याखाली ठेवला. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई दिली, तिला वाटा म्हणतात. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला उभा, दुसरा आडवा, भिंतीवर फूटभर वर. आमच्या देवघराच्या भिंतीला जी ओल यायची ती इथूनच येत होती, वरच्या पत्र्याला आम्ही उगाच दोष देत होतो. हात वाळल्यावर ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरलं आणि अट्ठेचाळीस तास ठेवलं. देवघराच्या भिंतीला मी दर दोन तासांनी हात लावून बघत होते. कोरडी. हे दोन दिवस वाचवू नका. टाइल बसल्यावर गळती निघाली तर सगळं पुन्हा फोडावं लागतं.

खाली खरखरीत टाइल, बारा बाय बारा. भिंतीला चार फुटांपर्यंत साध्या पांढऱ्या, वर नुसता रंग. भिंतीच्या टाइल आधी पाण्यात भिजवायच्या, नाहीतर त्या मसाल्यातलं पाणी पिऊन टाकतात आणि पुढे पोकळ वाजतात. खालच्या टाइल बसवल्या आणि मी खूश. सकाळी तांब्या ओतला, तर दाराजवळ डबकं! कोपऱ्यातली टाइल मी जास्त ठोकली होती. मामा काही बोलले नाहीत, चहा प्यायले. मी चार टाइल उचलल्या आणि पुन्हा बसवल्या. त्यातली एक फुटली. ती आजही थोड्या वेगळ्या रंगाची आहे.

विजेला मी हात लावला नाही. तुम्हीही लावू नका. लायसनवाला वायरमन बोलावला, गीझरला वेगळी वायर, चांगलं अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरचा सुरक्षा स्विच. गॅसचा गीझर स्वस्त पडतो असं दुकानदार सांगत होता. बंद न्हाणीत तो नकोच. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस झोप आल्यासारखा जातो. बंबावरून मात्र आमच्याकडे तीन दिवस अबोला होता. आई म्हणाल्या, "माझा बंब गेला तर मी आंघोळच करणार नाही." शेवटी बंब परसात मांडला. रविवारी तो पेटतो, बादलीनं पाणी आत नेते. बाकी दिवस गीझर.

दार नवं, बाहेर उघडणारं. कडी अशी की गरज पडली तर बाहेरून रुपयाच्या नाण्यानं फिरवून उघडता येते. उंबऱ्याची चार इंचांची पायरी काढून टाकली. पाणी बाहेर येईल म्हणून सगळ्यांनी नावं ठेवली. उतार नीट असला की येत नाही.

आणि दांडी. स्टीलची, धरायला. वही उघडली, एकतीस इंच. फोटो बघून वीट कुठं आहे ते शोधलं, कारण बोल्ट विटेत बसवायचा, सांध्यात नाही. टाइलवर चिकटपट्टी लावून भोक पाडलं म्हणजे ड्रिल घसरत नाही. बसवल्यावर ह्यांनी आपलं सगळं वजन टाकून लोंबकळून बघितलं.

सगळं मिळून एकवीस हजार चारशे रुपये लागले, मामांना घेतलेलं धोतर-पान धरून. पैसे त्यांनी घेतलेच नाहीत.

आई पहिल्यांदा आत गेल्या तेव्हा मी दाराशीच उभी होते, दार उघडं ठेवून. त्यांना दांडीचं काही सांगितलं नव्हतं. खुर्चीवरून उठताना त्यांनी न बघता डावा हात टाकला, तो दांडीवरच पडला. क्षणभर त्या तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, साबणाचा कोनाडा किती वर केलास? हात पुरत नाही."

खरंय. चार बोटं खाली हवा होता. मेच्या सुट्टीत घेते खाली.