दोन सुकाणूंची नौका



ज्या नौकेविषयी मी आज आपल्यापुढे बोलणार आहे, तिला दोन सुकाणू असतात : एक खाली, दिवाणखान्याच्या पुढल्या काचेआड, आणि दुसरे त्याच दिवाणखान्याच्या छपरावर, उघड्या आभाळाखाली. या वरच्या माचीला फ्लायब्रिज म्हणतात, आणि मीही तोच शब्द वापरीन. व्यापारी जहाजांच्या एंजिनखोलीत अर्धे आयुष्य काढल्यावर मी आणि माझी पत्नी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टनजवळ हँबल नदीच्या काठी स्थायिक झालो. आणि आमची लहान होडी विकून एखादी मोठी, जुनी, फ्लायब्रिजची नौका घ्यावी असे ठरल्यावर जवळजवळ दोन वर्षे आम्ही हँबलपासून प्लिमथपर्यंतची बंदरे पालथी घातली. त्या भ्रमंतीत माझे एक मत कायम झाले. अशी नौका विकली जाते ती वरच्या सुकाणूच्या बळावर; परंतु तिचे आयुष्य ठरते ते एंजिनाच्या पलीकडल्या बाजूला, जेथे माणसाचा हात मोठ्या कष्टाने पोहोचतो, त्या वीतभर जागेत.

जुन्या नौकांचा हा बाजार मुळात उभा राहिला तो काचतंतूंमुळे. प्लिमथला १९६५ साली मरीन प्रोजेक्ट्स या नावाने सुरू झालेला आणि पुढे प्रिन्सेस म्हणून प्रसिद्धीस आलेला कारखाना, समुद्रापासून दूर नॉर्दम्प्टनशर परगण्यातील आउंडल या गावी वाढलेली फेअरलाइन, पूल बंदरातील सनसीकर, इटलीतील फेरेत्ती आणि अझीमुत, यांनी राळेत भिजविलेल्या काचतंतूंची कवचे साच्यातून काढावयास आरंभ केला, आणि लाकडी नौकेला जो कुजण्याचा शाप होता तो या कवचांना राहिला नाही. मी लाकडाची निंदा करीत आहे असे मात्र कोणी समजू नये. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मलबारी सागवानातून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरले, आणि ते इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. त्याच्या पाटातनावर मी उभा राहिलो तेव्हा माझ्या गावच्या गोदीचा अभिमान मला आवरला नाही. परंतु तसे सागवान आणि तशी देखभाल विरळा. काचतंतूचे कवच सामान्य देखभालीतही तीस-चाळीस वर्षे टिकते, आणि अडचण येथेच उत्पन्न होते : कवच टिकते, पण त्याच्या पोटातील एंजिने, नळ्या, तारा, टाक्या आणि तोट्या तितक्या टिकत नाहीत. बाहेरून झिलई केलेली पंचवीस वर्षांची नौका ही त्यामुळे एका वयाची वस्तू नसतेच. तिच्यात वेगवेगळ्या वयाच्या पन्नास वस्तू एकत्र नांदत असतात, आणि खरेदीदाराने प्रत्येकीचे वय स्वतंत्रपणे विचारले पाहिजे.

आता फ्लायब्रिजविषयी. जून महिन्यातील एका स्वच्छ दुपारी प्लिमथच्या परिसरात आम्ही सतरा मीटर लांबीची एक नौका पाहावयास गेलो. दलालाने आम्हांला खाली नेलेच नाही. तो सरळ जिना चढवून वर घेऊन गेला. समोर खाडीचे मुख, उजवीकडे हिरव्या टेकड्या, डोक्यावर सूर्य, आणि हाताखाली पांढरे शुभ्र सुकाणू! त्या क्षणी मी मनातल्या मनात ती नौका घेऊन टाकली होती. माझी पत्नी मात्र जिन्याच्या तोंडाशी उभी राहून पायऱ्या मोजत होती. तिने विचारले, ‘‘तुम्ही येथे वर सुकाणूवर, धक्का जवळ आलेला, वारा बाजूचा. मागला दोर कोण टाकणार? मी पुढच्या नाळेशी असेन.’’ आम्ही दोघांनी तेथूनच मागे वाकून पाहिले, तो नौकेचा मागला कठडा आणि धक्का यांच्यातील अंतर वरून दिसतच नव्हते. फ्लायब्रिजवरून नाळ दिसते, क्षितिज दिसते, उथळ पाण्याचा बदलता रंग दिसतो, आणि हे सारे खरोखरच मोलाचे आहे. परंतु नौका जेथे सर्वांत अधिक वेळा आपटते तो मागला कोपरा पुष्कळ नौकांत वरून दृष्टिआड राहतो. तिच्या त्या एका प्रश्नाने आमच्या शोधाची सारी दिशा बदलली.

उंचीची किंमत दुसऱ्याही दोन प्रकारांनी द्यावी लागते. पहिली वाऱ्याला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि फ्लायब्रिज, त्यावरील कमान, छत व काचा मिळून शिडासारखा जो पृष्ठभाग उभा राहतो, तो काही केल्या उतरवून ठेवता येत नाही. दुसरी डोलण्याला. नौका डोलते तेव्हा पाण्यालगत बसलेल्या माणसापेक्षा माचीवरील माणूस कितीतरी मोठ्या कंसातून झुलतो, म्हणून खाली स्वस्थ असलेला पाहुणा वर जाताच मळमळू लागतो. त्यात भर म्हणजे पूर्वीच्या मालकांनी वर काय काय चढविले आहे हे पाहावे : कायमचे छत, शीतकपाट, लहान होडी उचलण्याची यारी आणि ती होडीही. कारखान्याने नौकेचा तोल हिशेबात धरला तेव्हा हे ओझे त्या हिशेबात होते काय, हा प्रश्न अवश्य विचारावा. आणि माचीवर एका वेळी किती माणसे असावीत याची मर्यादा मूळ पुस्तिकेत दिलेली असेल तर ती वाचावी.

यास्तव माझा आग्रह असा की खालच्या सुकाणूवर बसून निर्णय घ्यावा. इंग्लिश खाडीत वर्षाचे बहुतेक दिवस वारा, पाऊस किंवा गारठा असतो, आणि नौका चालविली जाते ती खालूनच. तेथून पुढे स्वच्छ दिसते काय, नौका वेग घेऊ लागून नाळ उचलली गेली की क्षितिज झाकले जाते काय, काच पुसणारे पाते चालते काय, सुकाणूशेजारी बाहेर पडावयास दार आहे काय? भूमध्य समुद्रासाठी बांधलेल्या काही नौकांत खालचे सुकाणू वैकल्पिक म्हणून गाळलेले असते. मांडवा ते मुंबई एवढाच ज्यांचा प्रवास, त्यांनी श्रावणातील सरी आठवून पाहाव्यात.

मोठी नौका म्हणजे लहान नौकेची वाढवलेली आवृत्ती नव्हे. बारा मीटरांवरून सोळा मीटरांवर गेले असता लांबी एक-तृतीयांशाने वाढते, परंतु सर्व मापे त्याच प्रमाणात वाढली तर आकारमान दुपटीहून अधिक, म्हणजे सुमारे दोन पूर्णांक चार पट होते. दोर जाड होतात, नांगर जड होतो, धक्क्याचे भाडे मीटरावर मोजले जाते, आणि दोन माणसांच्या हातांचे बळ मात्र पूर्वीइतकेच राहते. जुने नौकामालक सांगतात की वर्षाचा खर्च नौकेच्या किमतीचा दशमांश धरावा. मी त्यात एक दुरुस्ती सुचवितो. तो दशमांश आजच्या उतरलेल्या किमतीचा धरू नये. तशीच नौका आज नवी घेतली तर जी किंमत पडेल, तिच्याशी ताडून पाहावा. नौका जुनी झाली म्हणून तिच्या एंजिनाचा भाग कोणी जुन्या भावाने देत नाही.

वेगाचा मोहही असाच हिशेबाने तोलावा. पाणी कापून जाणाऱ्या नौकेची स्वाभाविक गती तिच्या पाणरेषेच्या फुटांतील लांबीच्या वर्गमुळाला एक पूर्णांक चौतीस शतांशाने गुणले असता ताशी सागरी मैलांत निघते. एकोणपन्नास फुटांची पाणरेषा असेल तर साडेनऊच्या आसपास. त्यापुढे जावयाचे तर नौकेला पाण्यावर चढावे लागते, आणि तेथे डिझेल अक्षरशः ओतावे लागते. प्रत्येकी सहाशे अश्वशक्तीची दोन एंजिने पूर्ण भाराने चालली की ताशी सव्वादोनशे लिटरांच्या घरात इंधन पितात. आठ मैलांच्या संथ गतीने तीच नौका याच्या अल्पांशात चालते. ज्याला नेहमी संथच जावयाचे आहे त्याने प्रचंड एंजिनांची नौका का घ्यावी, हे मला अद्याप उमगलेले नाही. ग्रँड बँक्ससारख्या मंदगती नौका त्याच्यासाठीच जन्मल्या आहेत.

आता मी माझ्या खोलीत, एंजिनखोलीत, येतो, आणि येथे थोडा अधिक रेंगाळलो तर श्रोत्यांनी क्षमा करावी. जाहिरातीत ‘अवघे पाचशे तास चाललेली एंजिने’ असे मोठ्या अभिमानाने लिहिलेले असते. वीस वर्षांत पाचशे तास म्हणजे वर्षाला पंचवीस तास. उरलेले सर्व दिवस त्या एंजिनाला थंड ठेवणाऱ्या नळ्यांत खारे पाणी साचून राहिले होते, पंपाचा रबरी इंपेलर एकाच बाजूला दबून वाकडा झाला होता, आणि झडपांवर दमट हवा बसत होती. नियमित चाललेले, वेळेवर तेल बदललेले दोन हजार तासांचे डिझेल एंजिन मला या पाचशे तासांच्या एंजिनाहून अधिक विश्वासार्ह वाटते. पाहावयास जाल तेव्हा प्रथम एंजिनावर तळहात ठेवावा : ते थंड असले पाहिजे. आधीच तापवून ठेवले असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी यावे, कारण आजारी एंजिनाची खरी परीक्षा थंडीतील पहिल्या सुरुवातीलाच होते. धुराकडे पाहावे. काळा धूर भार जास्त किंवा हवा कमी असल्याचे सांगतो, निळा धूर वंगण जळत असल्याचे, आणि पांढरा धूर हटेनासा झाला तर न जळलेले इंधन किंवा आत शिरलेले पाणी. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. त्यात सोडियम आढळले की समुद्र आत आला आहे काय, हा संशय घ्यावाच लागतो.

पण सर्वांत महत्त्वाची पाहणी ती नव्हे. दोन एंजिनांच्या मधल्या वाटेवर उभे राहिले की सारे काही रंगविलेले, चकचकीत दिसते, कारण तेथेच सगळे उभे राहतात. आपण विजेरी घेऊन पालथे पडावे आणि एंजिन व नौकेचे कवच यांच्यामधील बाहेरच्या अंगाला हात घालावा. तेथील पंप, गाळण्या, नळ्यांचे चाप हाताला लागतात काय? जेथे मेकॅनिकचा हात पोहोचत नाही तेथील काम होत नाही, मग मालक कितीही सज्जन असो. मी पाहिलेल्या एका नौकेत आतील बाजूचे चाप नवेकोरे आणि बाहेरच्या बाजूचे गंजून भुगा झालेले होते. मालकाला दोष मी देत नाही. दोष त्या जागेच्या आखणीचा. इंधनाच्या टाक्या बदलावयाच्या झाल्या तर एंजिने उचलावी लागतील काय, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

पाणी वरूनही येते. फ्लायब्रिजच्या कठड्याचे, कमानीचे आणि आसनांचे बोल्ट ज्या भोकांतून गेलेले असतात त्या भोकांत भरलेली लांबी (पुट्टी) वाळली की पाणी आत उतरते, आणि दिवाणखान्याच्या खिडकीच्या कोपऱ्यात पिवळट डाग होऊन प्रकट होते. पाटातनाच्या दोन काचतंतू थरांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा असेल आणि त्यावर शोभेसाठी सागाच्या पट्ट्या स्क्रूने ठोकलेल्या असतील, तर प्रत्येक स्क्रू हा पाण्याला दिलेला परवाना असतो. लहान हातोडीने ठोकत चालावे : टणक आवाज निरोगी, बोदा आवाज भिजलेला. तळाशी जेलकोटावर, म्हणजे कवचाच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर, फोड आले असतील तर त्याला ऑस्मोसिस म्हणतात. त्याने नौका बुडत नाही, परंतु कवच सोलून, महिनोन्‌महिने सुकवून पुन्हा राळ चढविण्याचा खर्च किमतीतून वजा झालाच पाहिजे. समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या तोट्या पितळेच्या असतील तर त्यांतील जस्त समुद्र हळूहळू खातो आणि मागे गुलाबी, ठिसूळ तांबे उरते.

कवचाची, तळाची आणि तोट्यांची ही तपासणी पाण्याबाहेर झाली पाहिजे. आपल्याकडे पावसाळ्यात कोळी होड्या वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून पुन्हा पाण्यात घालतात. इंग्लंडात तोच क्रम हिवाळ्यात चालतो, म्हणून जुनी नौका पाहण्याचा उत्तम मोसम जून नव्हे, नोव्हेंबर. सर्व्हेअर आपण स्वतः नेमावा, दलालाने सुचविलेला घेऊ नये. त्यानंतर समुद्रचाचणी. वेगाची मूठ पूर्ण पुढे लोटल्यावर दोन्ही एंजिनांनी आपले नेमलेले फेरे गाठले पाहिजेत, आणि त्या भारावर तापमान स्थिर राहिले पाहिजे. पाच मिनिटांच्या सफरीवर समाधान मानू नये.

राहिले दस्तऐवज. ब्रिटिश जहाजाची मालकी कायद्याने ६४ हिश्श्यांत गणली जाते, आणि खरेदीखताने ते चौसष्टही हिस्से आपल्या नावे झाले पाहिजेत. ब्रिटिश जहाजांच्या नोंदवहीच्या पहिल्या भागात मालकी व तारणाचा बोजा नोंदविला जातो; लहान जहाजांच्या तिसऱ्या भागातील दाखला मालकी सिद्ध करीत नाही. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना न वाचता जमीन घेणारा शेतकरी आपणांस सापडणार नाही, तीच दक्षता येथे हवी. १६ जून १९९८ नंतर युरोपच्या बाजारात प्रथम आलेल्या नौकेवर सीई चिन्ह हवे, आणि त्यासोबतची श्रेणी वाचावी : ‘ब’ श्रेणी वाऱ्याच्या आठव्या बळापर्यंत आणि चार मीटर लाटांपर्यंत, ‘क’ श्रेणी सहाव्या बळापर्यंत आणि दोन मीटरांपर्यंत. मूल्यवर्धित कर भरल्याची पावती हवी, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी, ब्रिटनचा संक्रमणकाळ संपला त्या रात्री, नौका कोणत्या बंदरात होती याचा पुरावाही. इसार देताना कबुलायतीत स्पष्ट लिहून घ्यावे की तपासणीत मोठा दोष निघाल्यास तो परत मिळेल.

आम्ही अखेरीस घेतली ती चौदा मीटरांची. तिच्या एंजिनाच्या बाहेरच्या अंगाला मी कुशीवर पडून पोहोचू शकतो, मागच्या कठड्याशेजारी दार आहे, आणि आधीच्या मालकाने एकोणीस वर्षांचा रोजनामा स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवला होता; किमतीची घासाघीस मी त्या वह्या वाचल्यावर फारशी केली नाही. ऑगस्टच्या संध्याकाळी वाइट बेटाच्या न्यूटाउन खाडीत नांगर टाकला की आम्ही चहा घेऊन फ्लायब्रिजवर जातो. एरवी त्यावर कापडी आच्छादन असते, आणि दर वसंतात ते काढून मी कठड्याचा एकेक बोल्ट सैल करतो, नवी लांबी भरतो, आणि पुन्हा आवळतो. खाली माझी पत्नी खिडकीच्या कोपऱ्यावर बोट फिरवून डाग पाहत असते.