आरोग्याचा खर्च आणि खर्चाचे आरोग्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. आज दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव यावयाचा आहे. मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीतून सर्व ज्ञातिकुटुंबांसाठी 'संपूर्ण शरीर तपासणी'चे शिबिर भरवावे, असा तो ठराव असून, एका खासगी प्रयोगशाळेने त्यासाठी सवलतीचा दरही कळविला आहे. ठराव मांडणाऱ्या तरुण मंडळींच्या हेतूविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तथापि हा निधी कोणा एका धनिकाच्या देणगीचा नव्हे. शिलाईच्या यंत्रावर रात्र रात्र पाय मारून मिळविलेल्या पैशांतून, कोणी मुलाच्या बारशाला तर कोणी वडिलांच्या वर्षश्राद्धाला, दिलेल्या लहान लहान रकमांचा तो साठा आहे. तो कोठे खर्चावा याचा विचार चारचौघांत मोठ्याने व्हावा, एवढ्यासाठी आम्ही हाच विषय घेतला.

आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालो, पुढे शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण घेतले आणि पस्तीस वर्षांवर प्राथमिक शाळेत अंकगणित शिकविले. तेव्हा औषधाचा प्रश्न येईल तेथे या सभेत बसलेल्या आपल्या ज्ञातीतील डॉक्टर मंडळींचा शब्द प्रमाण मानावा. हिशेबाचा प्रश्न येईल तेथे मात्र थोडे आमचेही ऐकावे, ही विनंती.

प्रथम हे पाहू की, आजारपणाचा पैसा जातो कोणाच्या खिशातून. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ साली देशातील एकूण आरोग्यखर्चाच्या शेकडा ६४.२ इतका भाग लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून दिला होता. २०२१-२२ साली तो शेकडा ३९.४ वर आला. सुधारणा झाली हे खरेच. परंतु शंभरातील जवळजवळ चाळीस रुपये अजूनही रोगी व त्याचे आप्त रोख मोजतात, आणि तेही अशा घटकेला, की जेव्हा घासाघीस करण्याचे भान कोणास नसते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत, बाळंतपणे वगळता, रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये आढळला. म्हणजे सातपट. सरकारी रुग्णालयात सारे आलबेल असते, असे कोणी म्हणणार नाही. तेथील रांगा आम्हांसही ठाऊक आहेत. पण सातपट पैशाला सातपट गुण येतो काय, हा प्रश्न विचारावयास काय हरकत आहे? बाजारात वारभर कापड घेताना आपण पोत, पन्हा आणि रंग तीनतीनदा पाहतो. दवाखान्याच्या दारात मात्र आपली नजर जणू मेणबत्तीसारखी विझते.

आता सलाईनची गोष्ट घ्या. आपल्या खेड्यापाड्यांत अशक्तपणा वाटला की माणूस दवाखान्यात जाऊन स्वतःच सांगतो, "डॉक्टर, एक बाटली लावा." न लावली तर डॉक्टरला काही येत नाही, असे ठरते आणि रोगी पलीकडच्या आळीत जातो. या बाटलीत असते तरी काय? साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, आणि बाकी निर्जंतुक पाणी. 'ग्लुकोज'च्या तितक्याच बाटलीत पंचवीस ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पाच-सहा चमचे साखर म्हणा. ज्वारीच्या एका भाकरीइतकीही शक्ती त्यात नाही. ज्याला तोंडाने अन्नपाणी घेता येते, त्याच्या शिरेत सुई घालून हे देण्याचे कारण नाही. उलट सुईवाटे जंतू शिरण्याचा धोका तेवढा पदरात पडतो. ज्याची शुद्ध हरपली आहे, ज्याला उलट्या थांबत नाहीत, ज्याचा रक्तदाब खचला आहे, त्याच्यासाठी हीच बाटली जीवनदायी असते. म्हणून तर तिची अशी उधळण डोळ्यांना खुपते. दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला, अशी ही रीत आहे.

याच मीठ-साखर-पाण्याची दुसरी बाजू पाहा. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ उसळली. सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते रोग्यांना तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला, आणि पाजण्याचे काम आप्तेष्टांवरच सोपविले. छावणीतील मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारांच्याही खाली आले. साखर आतड्यातून मिठाला आणि मिठाबरोबर पाण्याला शरीरात ओढून घेते, एवढेच त्यामागील इंगित आहे. आजही एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की, अतिसाराने सुकलेल्या लेकराला घरच्या घरी सावरता येते. महालनबीस २०२२ साली निवर्तले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. आमच्या मते, कमी खर्चात अधिक आरोग्य म्हणजे काय, हे समजण्यास याहून चांगला धडा नाही. प्रत्येक माउलीला तो पाठ असावा. (शाळेत आम्ही तो चौथीच्या मुलांकडून घोकून घेत असू, आणि ती पोरे घरी जाऊन आजीला शिकवीत.)

आता मूळ ठरावाकडे वळू. 'संपूर्ण शरीर तपासणी' या नावातच मोहिनी आहे. एकाच सुईत सत्तर-ऐंशी निष्कर्ष मिळतात, रंगीत कागदावर छापून येतात आणि काही आकडे तांबड्या शाईत असतात. या तांबड्या शाईविषयी थोडे त्रैराशिक करू. प्रयोगशाळेच्या अहवालात जी 'नेहमीची मर्यादा' छापलेली असते, ती बहुधा अशी ठरवितात की, निरोगी माणसांपैकी शेकडा ९५ त्या मर्यादेत बसावेत. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतील पाचजण व्याख्येनेच मर्यादेबाहेर पडतात. ही झाली एका तपासणीची गोष्ट. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या निरोगी माणसावर केल्या, तर सर्वच्या सर्व मर्यादेत येण्याचा संभव शेकडा ३६ एवढाच उरतो. उरलेल्या ६४ जणांच्या अहवालात, काही रोग नसताना, निदान एक तरी तांबडा आकडा येणार! प्रत्यक्षात तपासण्या एकमेकींशी थोड्याफार निगडित असतात, त्यामुळे आकडा काहीसा खाली येईल. पण रोख बदलत नाही. मग तो तांबडा आकडा घेऊन माणूस तज्ज्ञाकडे जातो, तज्ज्ञ सोनोग्राफी सांगतो, तीत आणखी काही तरी दिसते, आणि सुखाने झोपणारा मनुष्य रोगी होऊन बसतो. सवलतीचा दर मंडळाने भरला, तरी पुढची फरफट ज्याच्या त्याच्या खिशातून होते.

हे केवळ आमचे तर्कट नव्हे. डेन्मार्कमधील संशोधकांनी सरसकट आरोग्यतपासणीविषयीच्या निरनिराळ्या देशांतील १७ चाचण्या एकत्र करून अडीच लाखांहून अधिक माणसांचा आढावा घेतला. २०१२ साली तो प्रथम प्रसिद्ध झाला आणि २०१९ साली अद्ययावत करण्यात आला. तपासणी झालेले आणि न झालेले, यांच्या मृत्यूच्या प्रमाणात दखल घेण्याजोगा फरक त्यांस आढळला नाही.

मग काहीच तपासू नये काय? छे! नेमके तपासावे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तदाब मोजून घ्यावा, कारण हा रोग मुका आहे. तो बोलतो तेव्हा अर्धांगवायूच्या रूपानेच बोलतो. रक्तातील साखर पाहावी. बसून काम करण्याचा आपला धंदा, त्यामुळे हे दोन्ही आपल्या घराघरांत आहेत. तंबाखू, गुटखा, मिश्री यांची सवय असणाऱ्यांनी तोंड तपासून घ्यावे. ज्यांना पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल, त्यांनी तर उद्याच.

भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ सालापासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांत एक मोठी पाहणी चालविली. गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकातील व्हिनेगरच्याच जातीचे द्रावण, लावावयाचे आणि मिनिटभराने पांढरा डाग उठतो काय हे पाहावयाचे, इतकी ती तपासणी साधी होती. ती करणाऱ्या आरोग्यसेविका दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या. आमच्याच इयत्तेच्या म्हणा ना! या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू शेकडा ३१ ने कमी झाल्याचे २०१३ साली जाहीर झाले. ही तपासणी, तसेच तोंडाची आणि स्तनांची तपासणी, तीस ते पासष्ट वर्षांच्या वयोगटासाठी सरकारी आरोग्य कार्यक्रमात २०१६ पासून समाविष्ट आहे. तिला पैसा लागत नाही. लागते ती सोबत. लाजेने आणि घरच्या कामांनी आपल्या स्त्रिया जात नाहीत. जाऊबाई निघाल्या तर धाकटी निघते, सासूबाईंनी म्हटले तर सूनबाई निघते.

औषधांविषयी थोडक्यात सांगतो. औषधावर दोन नावे असतात, एक द्रव्याचे आणि दुसरे कंपनीचे. किंमत बहुधा दुसऱ्या नावाची असते. जनऔषधी केंद्रांत तेच द्रव्य पुष्कळदा निम्म्याहून कमी किमतीत मिळते. डॉक्टरांनी द्रव्याचेच नाव लिहावे, असा नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला आणि त्याच महिन्यात तो स्थगितही केला. स्वस्त औषधाच्या गुणवत्तेविषयी डॉक्टरांनी शंका काढल्या. त्या अगदीच अनाठायी नाहीत, कारण औषधांच्या तपासणीची सरकारी व्यवस्था हवी तितकी कडक नाही. परंतु महाग नाव ही देखील गुणवत्तेची हमी नव्हे. रोज घ्यावयाच्या गोळीबाबत आपल्या डॉक्टरांना सरळ विचारावे, "हीच गोळी द्रव्याच्या नावाने घेतली तर चालेल काय?" पुष्कळ डॉक्टर 'चालेल' म्हणतात. जे चिडतात, त्यांच्याविषयी ज्याने त्याने ठरवावे.

शासनाने मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण हृदयाच्या स्टेंटचे आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधलेपित स्टेंटला २९,६०० आणि साध्याला ७,२६० रुपये अशी कमाल मर्यादा घालण्यात आली. तत्पूर्वी लेपित स्टेंटसाठी लाखाच्या घरात पैसे मोजावे लागत. मधला पैसा कोठे जात होता, हे आम्ही सांगावयास नको. तीच कथा बाळंतपणाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरकारी दवाखान्यांतील शेकडा १४.३ बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली, तर खासगी दवाखान्यांत शेकडा ४७.४. स्त्रीचे शरीर दार बदलताच बदलते, असे तर नव्हे! येथे बसलेल्या सचोटीच्या डॉक्टरांस हे शब्द लागू नयेत. दलाली न देता-घेता धंदा करणे किती अवघड झाले आहे, हे त्यांनीच आम्हांस सांगितले आहे.

काटकसर म्हणजे कुचराई नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, की एका क्षणाचाही हिशेब करू नये. मिळेल त्या वाहनाने मोठे रुग्णालय गाठावे. कुत्रे चावले तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लस पूर्ण घ्यावी. क्षयाची औषधे मध्येच सोडू नयेत. येथे पैसा वाचविणे म्हणजे मूर्खपणा होय.

राहिला निधी. निधीच्या समितीत आम्ही तीन वर्षे बसलो. अर्जासोबत आलेली बिले पाहताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येई की, जी शस्त्रक्रिया शासनाच्या योजनेत विनामूल्य झाली असती, तिच्यासाठी आपल्या बांधवाने दागिना मोडलेला असे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण देण्याचा आणि सर्व शिधापत्रिकाधारकांस तिचा लाभ देण्याचा निर्णय २०२३ साली झाला. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनामूल्य करण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी शेकडा १० खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि शेकडा १० खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावयाच्या आहेत. पण हे सारे कागद दाखल होण्याच्या वेळीच पुढे करावे लागतात. शिधापत्रिकेवर नाव चुकलेले, आधार कार्डावर आडनाव निराळे, उत्पन्नाचा दाखला मुदत संपलेला. मग रुग्णालयातील मदतनीस 'उद्या या' म्हणतो आणि रोग्याला उद्या नसतो. आपल्या ज्ञातीत निवृत्त कारकून, तलाठी, शिक्षक पुष्कळ आहेत. कागद ओळखण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्याइतके या कामास योग्य दुसरे कोण?

म्हणून आम्ही ठरावाला एक उपसूचना दिली आहे. प्रयोगशाळेचे शिबिर रद्द करावे. प्रत्येक तालुका शाखेला रक्तदाब व साखर मोजण्याची चांगली यंत्रे घेऊन द्यावीत आणि महिन्यातून एका रविवारी ती चालवावीत. ज्यांचे माप जास्त निघेल, त्यांचे नाव वहीत लिहून त्यांस डॉक्टरांकडे धाडावे आणि ते गेले की नाही, हे पुढच्या रविवारी विचारावे. महिला मंडळाने भगिनींस गटागटाने आरोग्य केंद्रात न्यावे. प्रत्येक शाखेत दोघा निवृत्तांनी योजनांच्या कागदपत्रांचे काम पत्करावे. आमचे नाव आम्ही आजच देतो. उरलेला निधी, योजनेत न बसणाऱ्या आजारांसाठी आणि रोग्याजवळ राहणाऱ्या आप्तांच्या जाण्यायेण्याच्या व जेवणाच्या खर्चासाठी राखावा, कारण हा खर्च कोणत्याही योजनेत धरलेला नसतो आणि खेड्यातून आलेले माणूस त्यापायीच उपचार अर्धवट टाकून परतते.

उपसूचनेची लेखी प्रत चिटणीसांकडे दिली आहे. दुपारी चर्चा होईल. ज्यांस हरकत घ्यावयाची असेल त्यांनी ती मोकळेपणाने घ्यावी, विशेषतः आपल्या डॉक्टर मंडळींनी. जेवणाची घंटा झालेली दिसते, तेव्हा आपली रजा घेतो.