न मारलेल्या बॉलचं श्रेय

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



काल या व्यासपीठावर साखर कारखानदारीवर व्याख्यान झालं, उद्या ज्ञानेश्वरीवर आहे. मधे टेनिस. म्हणजे आज श्रोत्यांना सुट्टी, असं समितीनं धरून चालल्याचं दिसतंय. (हशा) पहिल्या दोन रांगांत आमचा क्लबच बसलाय, त्यांना यावंच लागतं. मागच्या रांगांतल्या मंडळींचे मात्र मनापासून आभार.

पत्रिकेत विषय छापलाय ‘रोहन बोपण्णा : एक प्रदीर्घ कारकीर्द’. त्यावर बोलणारच आहे. पण त्याआधी एक सांगून टाकतो, कारण ते सांगण्यासाठीच मी हे आमंत्रण घेतलं. दुहेरीत पॉइंट बहुतेक वेळा तो मिळवतो, ज्याने बॉल मारलेलाच नसतो. हसू नका. आमच्या क्लबातले लोक हे पंचवीस वर्षं ऐकतायत आणि पंचवीस वर्षं हसतायत. (हशा)

आता तुमच्यातला कुणी विचारणार, की मग पेस-भूपती का नाहीत? 1999 साली फ्रेंच आणि विम्बल्डन, मग दोघांचा अबोला, 2012 च्या ऑलिंपिकआधीचा तो गोंधळ, हे इथे प्रत्येकाला पाठ आहे. त्यात वेळ घालवत नाही. (श्रोत्यांतून : “अटलांटा!”) हो, अटलांटाही. खाशाबा जाधवांनंतर 44 वर्षांनी आपल्याला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळालं, ठाऊक आहे. पण ते पेसला एकेरीत मिळालं, त्यामुळे आज माझ्या काही कामाचं नाही. (हशा)

बोपण्णा कूर्गचा. 4 मार्च 1980 चा जन्म, घरी कॉफीचा मळा. मुलाला हॉकी आवडायची, फुटबॉल आवडायचा; पण वडिलांचं म्हणणं पडलं की मुलानं वैयक्तिक खेळ खेळावा. म्हणून अकराव्या वर्षी हातात रॅकेट दिली. नियतीचा विनोद बघा. वैयक्तिक खेळासाठी दिलेल्या रॅकेटनं या माणसानं आयुष्यभर जोडीनं खेळायचं काम केलं! सर्व्हिसला जोर यावा म्हणून लाकडं फोडली, दम वाढावा म्हणून कॉफीच्या मळ्यातून धावलो, असं त्यानं निवृत्त होताना लिहिलं. पुढे किशोरवयात तो पुण्याला आला, नंदन बाळ यांच्याकडे शिकायला. (टाळ्या) पुण्याचं नाव घेतल्यावर टाळ्या वाजवणारं हे मी पाहिलेलं पहिलंच गाव. (हशा)

2002 साली तो डेव्हिस कपमध्ये आला. सर्व्हिस तोफेसारखी. एकेरीच्या क्रमवारीत मात्र पहिल्या दोनशेत कधी पोचला नाही. (श्रोत्यांतून काही बोलणं) काय म्हणालात? “एकेरीत जमलं नाही, म्हणून दुहेरी?” बरं झालं विचारलंत. हा प्रश्न येणार म्हणून मी तयारी करूनच आलोय.

एक तर, 2010 ला चेन्नईत डेव्हिस कपमध्ये ब्राझीलविरुद्ध आपण 0-2 असे मागे होतो. शेवटचा, निर्णायक एकेरीचा सामना कोण जिंकला? बोपण्णा. तेव्हा एकेरी येत नव्हती असं नाही. दुसरं, आणि हे महत्त्वाचं : दुहेरी म्हणजे उरलेल्यांचा खेळ, ही समजूत तुमचीच नाही, खुद्द टेनिस चालवणाऱ्यांची होती. 2005 साली पुरुषांच्या व्यावसायिक संघटनेनं असे नियम आणायचं ठरवलं, की नुसती दुहेरी खेळणाऱ्यांना स्पर्धेत शिरणंच अवघड व्हावं. तेव्हा दुहेरीचे खेळाडू कोर्टात गेले. टेनिसच्या नव्हे, अमेरिकेतल्या खऱ्या कोर्टात. (हशा) शेवटी तडजोड झाली. दुहेरी वाचली, पण संघटनेच्या स्पर्धांत तिची काटछाट झाली : 40-40 झाले की पुढचा एकच पॉइंट निर्णायक, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा टायब्रेक. बोपण्णा नेमका त्याच काळात या धंद्यात पाय रोवत होता. दुकान बंद होणार अशी आवई उठलेली असताना हा गिऱ्हाईक जोडत होता.

आता माझा मुद्दा. एकेरीचं कोर्ट 27 फूट रुंद, दुहेरीचं 36. म्हणजे एकेरीत एकट्यानं 27 फूट राखायचे आणि दुहेरीत एकेकानं 18. मोकळी जागा कमी. रिटर्न मारणाऱ्याला सर्व्हिस करणाऱ्याची भीती असतेच, पण त्याहून जास्त भीती असते नेटपाशी उभ्या असलेल्या त्या दुसऱ्याची. हा दुसरा अर्धं पाऊल मधे सरकला की रिटर्न मारणाऱ्याची नजर चळते. तो बॉल कडेनं काढायला जातो, बॉल बाहेर पडतो. तक्त्यात काय लिहिलं जातं? रिटर्न मारणाऱ्याची चूक. नेटपाशी जो हलला, त्याच्या नावावर काहीही नाही. कुठल्याही आकडेवारीत त्याच्यासाठी रकानाच नाही! ज्याला हा मुद्दा पटत नाही त्यानं एक सेटभर बॉलकडे न बघता सामना बघावा.

मी तसा बघितलाय. बालेवाडीला. 2019 ची महाराष्ट्र ओपन, बोपण्णा आणि दिविज शरण जोडीनं खेळत होते. पुढे ती स्पर्धा त्यांनी जिंकलीच. मी ठरवून गेलो होतो की बॉलकडे बघायचं नाही, फक्त नेटजवळच्या माणसाकडे. आता शेजारी बसलेल्या आजी. निगडीहून आलेल्या, सोबत नातू, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी. बोपण्णाची सर्व्हिस. शरण नेटपाशी वाकलेला, उजवा हात पाठीमागे. तो हात मी बघतोय. आधी बोटं : सर्व्हिस कुठे टाकायची ते. मग पंजा. बहुतेक जोड्यांत संकेत असा, की मूठ मिटली तर मी जागेवर राहणार, पंजा उघडला तर मधे धावणार. पंजा उघडला. सर्व्हिस पडली, शरण निघाला, रिटर्न मारणाऱ्यानं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि बॉल कडेच्या पट्टीबाहेर घातला. मी एकटाच ओरडलो, “वा शरण!”

आजी माझ्याकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, “अहो, त्यानं काय केलं? तो तर नुसता उभा होता.” म्हटलं, “उभा नव्हता आजी, निघाला होता.” त्या म्हणाल्या, “निघून काय, बॉलला हात तरी लावला का?” आता आजींना सोडून सामना बघणं मला शक्य नव्हतं. मी त्यांना तो हात दाखवला. नातवाला आजीची जागा हवी झाली, कारण तिथून पाठ नीट दिसायची. मग जागांची अदलाबदल, शेंगदाणे सांडले, मागचे लोक “खाली बसा” म्हणून ओरडले. दोन गेम गेले असतील. तिसऱ्या गेमला आजी माझ्या कानाशी म्हणतात, “मूठ आहे. हा आता हलायचा नाही.” आणि खरंच हलला नाही! पुढच्या पॉइंटला, “उघडला, उघडला, आता जातो बघा.” गेला! नातू टाळ्या पिटतोय. पलीकडच्या खुर्च्यांवरच्या दोघाजणांनी बॉल सोडून हात बघायला सुरुवात केली. एक गृहस्थ तर दुर्बीण घेऊन आले होते, ती आजींच्या हातात गेली. सेट संपेपर्यंत आमच्या रांगेत चुकीच्या वेळी टाळ्या वाजत होत्या आणि बाकीचं स्टेडियम आमच्याकडे वळून बघत होतं. (हशा) जाताना आजींनी विचारलं, “मग बक्षिसाचे पैसे?” म्हटलं, “निम्मे-निम्मे.” “सारखे?” “सारखे.” “मग ठीक आहे,” म्हणाल्या आणि दुर्बीण परत केली. (हशा, टाळ्या)

चिठ्ठी आली. “दहा मिनिटे.” कार्यवाहसाहेब, अजून एकही ग्रँड स्लॅम सुरू झालं नाही हो! (हशा) बरं, भराभर जातो.

2010 : पाकिस्तानच्या ऐसाम उल हक कुरेशीबरोबर अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत. ब्रायन बंधूंकडून हरले, दोन्ही सेट टायब्रेकमध्ये. पण त्या दिवशी दोन्ही देशांचे संयुक्त राष्ट्रांतले प्रतिनिधी प्रेक्षकांत शेजारी शेजारी बसले होते. तुमच्या एकेरीत असं दृश्य मला दाखवा. असो. 2017 : कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर पॅरिसला मिश्र दुहेरीचं विजेतेपद, तेही दोन मॅचपॉइंट वाचवून.

मग गुडघे. दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजलेली, वेदनाशामक गोळ्या खाऊन खेळायचा. 2020 च्या टाळेबंदीत त्यानं अय्यंगार योग सुरू केला. होय, ते आपल्या पुण्याचेच अय्यंगार. टाळ्या राखून ठेवा, वेळ नाही. (हशा) तरीही 2021 साली महिनोन् महिने एकही सामना जिंकता आला नाही आणि आता थांबावं, असं घरी सांगण्यापर्यंत गोष्ट आली होती. थांबला नाही. ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनशी जोडी जमली. 2023 ला इंडियन वेल्सचं विजेतेपद, वय 43. त्याच वर्षी अमेरिकन ओपनची अंतिम फेरी. तिसरा सेट, पॉइंट यांना मिळालेला, आणि बोपण्णा पंचांना सांगतो की बॉल माझ्या हाताला चाटून गेला. पॉइंट समोरच्यांना गेला, सेटही गेला, विजेतेपदही. ज्याला न लागलेल्या बॉलचं श्रेय आयुष्यभर कुणी दिलं नाही, त्यानं लागलेल्या बॉलची कबुली दिली! (टाळ्या)

आणि हँगझौचे आशियाई खेळ. इथे मी चिठ्ठीला जुमानणार नाही. पुरुष दुहेरीत तो लवकर गारद झाला होता. मिश्र दुहेरीत जोडीला आपली ऋतुजा भोसले, त्याच्याहून सोळा वर्षांनी लहान. अंतिम सामन्यात तैपेईच्या जोडीनं पहिला सेट 6-2 असा घेतला. सगळे म्हणतात बोपण्णानं तिला सांभाळून नेलं. मी म्हणतो, नेटपाशी कोण हलत होतं ते परत बघा. दुसरा सेट 6-3, टायब्रेक 10-4, सुवर्ण. बातम्यांच्या मथळ्यांत त्याचं वय होतं. तिच्या हालचाली कुठे होत्या? (एक श्रोता : “तुम्ही मोजल्यात का?”) मोजायला बसलो तर बॉलकडेही बघायचं राहून जाईल. (हशा)

2024, मेलबर्न. साठाहून जास्त ग्रँड स्लॅम स्पर्धांत पुरुष दुहेरी खेळून झाल्यावर, डझनभराहून अधिक जोडीदार बदलून झाल्यावर, 43 व्या वर्षी पहिलं विजेतेपद. बोलेली आणि वावासोरी या इटालियन जोडीला 7-6, 7-5. पहिल्या सेटच्या टायब्रेकमध्ये समोरच्यांना एकही पॉइंट नाही. जागतिक क्रमवारीत पहिला, इतक्या वयात आजवर कुणी झालं नव्हतं. मार्चमध्ये मायामी, तेव्हा 44 पूर्ण. त्याच वर्षी पद्मश्री. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र पहिल्याच फेरीत हार आणि भारतासाठी खेळणं बंद. नोव्हेंबर 2025 मध्ये पूर्ण निवृत्ती.

दुसरी चिठ्ठी. “आभारप्रदर्शन.” फक्त अंडरलाइन केलंय. (हशा)

त्या हरलेल्या वावासोरीचं तेवढं सांगतो, कारण ‘एकेरीत जमलं नाही, म्हणून दुहेरी?’ या मघाच्या प्रश्नाचं उत्तर तोच देतो. 2025 च्या अमेरिकन ओपनमध्ये मिश्र दुहेरीचा कायापालट केला. सोळाच जोड्या, निम्म्या एकेरीच्या क्रमवारीवर निवडलेल्या, बाकीच्यांना आमंत्रण. अंतिम फेरी सोडून सेट चार गेमचे, जेणेकरून एकेरीच्या ताऱ्यांना त्रास नको. बक्षीस दहा लाख डॉलर. दुहेरीतच हयात घालवलेले बहुतेक बाहेर. आदल्या वर्षीचे विजेते म्हणून सारा एरानी आणि वावासोरी यांना आत घेतलं. अंतिम फेरीत समोर स्वियातेक आणि रूड, एकेरीतली केवढी मोठी नावं! जिंकलं कोण? एरानी आणि वावासोरी. आणि नेटवरचा त्याचा वावर बघितलात तर…

हो, हो, थांबलो. प्रश्नोत्तरं बाहेर चहाच्या टेबलापाशी. एकेरी श्रेष्ठ म्हणणाऱ्यांनी आधी या, मला साडेआठची एसटी गाठायची आहे.