वर्गातील वर्तन आणि गुरुजींचा शब्द
(पांढुर्णा येथील शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषण)



वर्गात एखादा मुलगा वारंवार जागेवरून उठतो. गुरुजी "खाली बस" म्हणून दरडावतात. तो बसतो, आणि थोड्याच वेळात आणखी दोघांसह पुन्हा उठतो. पांढुर्णा काय किंवा सौंसर काय, कोणत्याही शाळेला हा अनुभव नवा नाही. १९६८ साली मॅडसन, बेकर प्रभृती अमेरिकन संशोधकांनी प्राथमिक वर्गात हा प्रकार मोजून पाहिला. 'बसा' असे बजावणे वाढविले तेव्हा मुलांचे उठणेही वाढले. बसून काम करणाऱ्यांचे कौतुक सुरू केले तेव्हा ते कमी झाले.

यामागील तत्त्वास मानसशास्त्रात साधक अभिसंधान म्हणतात. ज्या कृतीमागोमाग हवेसे काही लाभते, ती कृती पुन्हा घडते. त्या लाभास प्रबलन अशी संज्ञा आहे. थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरील प्रयोगांतून याचा पाया घातला आणि बी. एफ. स्किनर यांनी त्याचे शास्त्र उभारले. ज्या मुलाकडे एरवी कोणी पाहतही नाही, त्याला गुरुजींचे रागावणेदेखील लाभच वाटते.

१९५३ साली स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले. उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नव्हते, हे पाहून ते अस्वस्थ झाले. आपल्याकडे तपासलेली वही कित्येकदा आठवड्याने परत मिळते. या बाबतीत जुनी पाटी सरस होती, असे माझे मत आहे. गुरुजी तेथल्या तेथे बरोबरची खूण करीत.

या भागात अनेक मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदीतून शिकतात. असे मूल गप्प बसले तर ते मंद ठरविले जाते. एकदम पूर्ण वाक्याची अपेक्षा न धरता, आज मान हलविली तरी शाबासकी द्यावी. उद्या एक शब्द, मग दोन. तो शब्द मराठी असला तरी चालेल. शास्त्रज्ञ ज्याला वर्तन घडविणे म्हणतात ते हेच.

छडीबद्दल वाद उरलेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. शिक्षेने वर्तन दबते, नवे काही शिकविले जात नाही, हे स्किनर यांचेही म्हणणे होते. याचा दाखला आपल्या जाम नदीच्या पात्रातच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीत माणसे जखमी झाली, प्राणही गेले. मनाई हुकूम निघाले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. पण गोटमार थांबली नाही. श्रद्धेचा प्रश्न मी येथे बाजूस ठेवतो. परंतु नेम लागताच काठावरून जो जल्लोष होतो, तो वडिलांच्या खांद्यावर बसलेले पोरही ऐकत असते. तो जल्लोष चालू आहे तोवर केवळ हुकूम कितीसा पुरणार?

त्याच सुमारास विदर्भात तान्हा पोळा भरतो. लाकडी बैल सजविणाऱ्या मुलांना बक्षिसे मिळतात. मात्र बक्षीस सर्वांत महागड्या बैलालाच गेले, तर स्वतःच्या हाताने झूल शिवणारे मूल काय शिकेल? बक्षिसाला दुसराही धोका आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली दाखविले की, चित्र काढण्यात मुळातच रमणाऱ्या मुलांना आधी बक्षीस कबूल केले, तर पुढे त्यांची ती गोडी कमी होते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणात शिक्षेबरोबर बक्षिसाचे आमिषही त्याज्य मानले होते. म्हणून जेथे गोडी नाही तेथे प्रोत्साहन द्यावे, आणि गोडी लागताच ते हळूहळू आवरते घ्यावे.

शिक्षकांना एक विनंती आहे. आठ दिवस टेबलावर एक कागद ठेवा आणि त्यावर दोन रकाने आखा. रागावलात की डावीकडे रेघ, शाबासकी दिलीत की उजवीकडे. पालकांनीही घरी हेच करावे. पुढील बैठकीस येताना हे कागद सोबत आणावेत. नावे लिहिण्याची आवश्यकता नाही.