मद्यपी वाहनचालकांचे खटले : तालुका न्यायालयातील अभिलेख कसा शोधावा



आजचा विषय वरवर पाहता वकिलांचा वाटेल. दारू पिऊन वाहन चालविल्याबद्दल जो खटला होतो त्याचे कागद कोठे असतात, ते कोणाला मिळतात आणि ते कसे वाचावयाचे, असा हा विषय आहे. परंतु या माहितीची निकड अनेकदा गावातील साध्या माणसांनाच भासते. शाळेच्या बसवर चालक नेमावयाचा असतो. ट्रॅक्टरच्या धडकेत घरातील कर्ता पुरुष गेलेला असतो आणि त्याच्या पत्नीला नुकसानभरपाईचा दावा दाखल करावयाचा असतो. अशा वेळी "तो पितो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे" एवढ्यावर भागत नाही. ऐकीव गोष्टीने निरपराध माणसाची रोजी बुडू शकते, आणि दुसऱ्या तालुक्यात शिक्षा झालेला चालक आपल्या मुलांच्या बसवर निर्धास्त बसू शकतो. या दोन्ही अनर्थांवर उपाय एकच : न्यायालयाचा कागद पाहणे.

प्रथम कायदा थोडक्यात पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा होतो. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुढील गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्यापूर्वी दंडाची मर्यादा पहिल्या गुन्ह्यास २,००० व पुढील गुन्ह्यास ३,००० रुपये होती. जुना निकाल वाचताना दंड कमी दिसला म्हणून गुन्हा किरकोळ होता असे समजू नये.

या गुन्ह्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वाहतुकीचे बरेचसे गुन्हे कलम २०० अन्वये तडजोडीची रक्कम भरून जागच्या जागी मिटविता येतात. कलम १८५ चा त्या यादीत समावेश नाही. म्हणजे हे प्रकरण रस्त्यावरील पावतीने संपत नाही. ते न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावेच लागते. म्हणूनच त्याचा खरा अभिलेख न्यायालयातच शोधावा लागतो.

आता प्रश्न येतो, कोणत्या न्यायालयात? येथे पुष्कळांची गल्लत होते. खटला चालकाच्या गावच्या न्यायालयात नसून, जेथे गुन्हा घडला तेथील पोलीस ठाणे ज्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अधिकारक्षेत्रात येते, त्या न्यायालयात असतो. काही तालुक्यांना स्वतंत्र न्यायालय नसते. त्यांचे खटले शेजारच्या तालुक्यात चालतात. तेव्हा आधी पोलीस ठाणे निश्चित करावे, मग न्यायालय आपोआप कळते. महामार्गावर वर्षानुवर्षे वाहन चालविणाऱ्या माणसाच्या बाबतीत एकाच न्यायालयात चौकशी करून समाधान मानणे धोक्याचे आहे.

शोधाचे काम आता पूर्वीइतके कष्टाचे राहिलेले नाही. ई-कोर्ट्स या राष्ट्रीय प्रकल्पाच्या संकेतस्थळावर तालुका न्यायालयांतील खटल्यांची स्थिती विनामूल्य पाहता येते. जिल्हा व न्यायालय निवडून पक्षकाराचे नाव, खटल्याचा क्रमांक, प्रथम खबरीचा क्रमांक किंवा अधिनियम यांपैकी एकाच्या आधारे शोध घेता येतो. प्रत्येक खटल्यास सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो एकदा हाती आला की दुसरे काही लागत नाही. आपल्याकडे असे खटले बहुधा संक्षिप्त फौजदारी खटला, म्हणजे एस.सी.सी., या सदरात आढळतात. अपघातात कोणी मृत्यू पावले असेल तर नियमित फौजदारी खटला, म्हणजे आर.सी.सी., हे सदर पाहावे. अधिनियमावरून शोधताना गुन्ह्याची तारीख महत्त्वाची ठरते. १ जुलै २०२४ पूर्वीचा अपघात भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ व ३०४-अ खाली, तर त्यानंतरचा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ व १०६ खाली नोंदलेला असतो.

मात्र संगणकावरील नोंद ही केवळ वाट दाखविणारी खूण आहे, पुरावा नव्हे. आपल्याकडे एकाच नावाची व एकाच आडनावाची माणसे प्रत्येक गावात असतात. वडिलांचे नाव, वय, गाव व वाहनाचा क्रमांक जुळल्याशिवाय कोणाविषयीही निष्कर्ष काढू नये. तसेच जुने खटले संगणकावर नसण्याचा संभव असतो, आणि किरकोळ खटल्यांचे कागद नियमांत ठरलेल्या मुदतीनंतर नष्टही केले जातात. "नोंद सापडली नाही" याचा अर्थ "गुन्हा घडलाच नाही" असा होत नाही.

पुरावा म्हणून वापरावयाची असते ती प्रमाणित प्रत, आपल्या बोलीतील नक्कल. न्यायालयाच्या नक्कल विभागात खटल्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख आणि हवा असलेला कागद यांचा स्पष्ट उल्लेख करून अर्ज द्यावा व ठरलेले शुल्क भरावे. निकालाने ज्याच्यावर परिणाम होतो त्याला प्रत मिळण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ मध्ये आहे. त्रयस्थालाही उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार अर्ज करता येतो. मात्र त्याने आपले कारण लेखी सांगावयाचे असते. "शालेय परिवहन समितीस चालकाच्या नेमणुकीपूर्वी पडताळणी करावयाची आहे" असे कारण नेमकेपणाने लिहावे. या कामी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करण्याची चूक पुष्कळजण करतात. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, न्यायिक कागदपत्रांच्या प्रती उच्च न्यायालयाच्या नियमांनुसारच मागावयाच्या, माहिती अधिकार अधिनियमाखाली नव्हे. चुकीच्या दारी अर्ज केल्याने महिना वाया जातो.

कागद मिळाल्यावर तो शांतपणे वाचावा. आधी पाहावे की खटला प्रलंबित आहे की निकाली निघाला आहे, आणि निकाल दोषसिद्धीचा आहे की दोषमुक्तीचा. प्रलंबित खटला म्हणजे अपराध नव्हे. नंतर तपासणीचे कागद पाहावेत : श्वासचाचणीचा कागद, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, रक्ततपासणी झाली असल्यास प्रयोगशाळेचा अहवाल. या कागदांवरील वेळा अवश्य पाहाव्यात. कलम २०२ नुसार विनावॉरंट अटक केलेल्या चालकाची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांत व्हावी लागते. अन्यथा त्याला सोडावे लागते. शहरात दोन तास पुरतात. परंतु जेथून ग्रामीण रुग्णालय तीस-चाळीस किलोमीटरवर आहे आणि रात्रीची वेळ आहे, तेथे हीच अट अवघड जाते, आणि पुढे न्यायालयात पुरावा लंगडा पडू शकतो. आरोग्य व पोलीस खात्याच्या अधिकाऱ्यांनी आपल्या क्षेत्रात या दोन तासांची व्यवस्था कशी आहे, हे एकदा एकत्र बसून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक गोष्ट विशेषत्वाने सांगावयाची आहे. महाराष्ट्रात २०११ च्या शालेय बस नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समितीची तरतूद केली आहे. दिल्लीतील वाहतुकीसंबंधी १९९७ साली एम. सी. मेहता प्रकरणात आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाने, मद्यप्राशन करून वाहन चालविल्याबद्दल एकदाही कारवाई झालेल्या चालकास शाळेच्या बसवर नेमू नये, असा दंडक घातला होता. तो आदेश दिल्लीपुरता होता, तरी त्यातील शहाणपण सर्वत्र लागू पडते. समितीने चालकाकडून लेखी निवेदन, पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणि जेथे जेथे त्याने काम केले त्या तालुक्यांतील न्यायालयीन शोध, या तीन गोष्टींचा परिपाठच ठेवावा.

ग्रामपंचायत सदस्यांचे काम निराळे आहे. अपघातग्रस्त कुटुंब बहुधा दुःखात व कर्जात बुडालेले असते. त्याला प्रथम खबरीचा क्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव आणि अपघाताची तारीख एका कागदावर नीट लिहून देणे, ही फार मोठी मदत आहे. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. चालकाने मद्य घेतले होते की नाही, यावर विमा कंपनी वाद उपस्थित करू शकते. त्या वेळी फौजदारी खटल्यातील कागद हाताशी असले तर कुटुंबाच्या वकिलाला अंधारात चाचपडावे लागत नाही. हे कुटुंब गरीब असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत साहाय्यासाठी त्याला घेऊन जावे.

शेवटी एक पथ्य सांगितले पाहिजे. हा अभिलेख ज्या कारणासाठी मागितला त्याच कारणासाठी वापरावा. निवडणुकीच्या हंगामात कोणाचा जुना खटला चव्हाट्यावर मांडण्यासाठी किंवा भावकीचे वैर फेडण्यासाठी नक्कल मिळविणे हा त्या अधिकाराचा दुरुपयोग होय. शिक्षा भोगून दारू सोडलेल्या माणसाला गावात पुन्हा उभे राहण्याचा हक्क आहे. मुलांच्या बसचे सुकाणू कोणाच्या हाती द्यावयाचे, हे ठरविताना मात्र भीड बाळगू नये. अर्ज करावा, कागद पाहावा आणि मगच निर्णय घ्यावा.