मराठीसाठी दोन दाबा

कामोठ्यातल्या आमच्या शेजारच्या आजी परवा फोन कानाला लावून बसल्या होत्या. पेन्शन जमा झाली का, एवढंच बँकेला विचारायचं होतं. यंत्र सांगत होतं, ‘मराठीसाठी दोन दाबा.’ दोन दाबायला आजी फोन कानापासून दूर धरायच्या, तेवढ्यात पुढची सूचना निघून जायची.

ग्राहकसेवेतल्या अशा यंत्रांचा अभ्यास आता मार्केटिंगचे प्राध्यापक करतात. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातले प्राध्यापक योखेन विर्ट्झ यांनी सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये सेवा देणाऱ्या रोबोंवर शोधनिबंध लिहिला. शिल्लक किंवा वेळापत्रक सांगणं अशी ठरावीक कामं यंत्राकडे जातील. जिथे समोरच्याची भावना जपायची असते, तिथे माणूसच लागेल, अशी त्यांची मांडणी. रोबो हसरा चेहरा दाखवू शकतो, पण ती माया वरवरची, आणि ग्राहकाला ते कळतं.

आपल्याजवळचंच उदाहरण घ्या. जानेवारी २०१७ मध्ये एचडीएफसी बँकेने लोअर परळच्या कमला मिल्स शाखेत ‘इरा’ नावाचा रोबो आणला. येणाऱ्याचं स्वागत करायचं आणि हव्या त्या काउंटरपर्यंत न्यायचं, हे त्याचं काम. पुढचं बोलणं माणसाशी. मला ही वाटणी पटते. फक्त माणसापर्यंत पोचायची वाट सुरुवातीलाच सांगायला हवी, शेवटी नव्हे.

आजींच्या फोनवर शेवटी माणसाशी बोलण्यासाठी मीच नऊ दाबलं. आजींचा आवाज ऐकून पलीकडची मुलगी म्हणाली, “बोला आजी.” आजींनी आधी गुडघ्याचं दुखणं सांगितलं, मग पेन्शनचं.